वेगाची किंमत नेमकी किती? एसएसडीच्या पहिल्या पिढीचा हिशेब

सप्टेंबर २००८ मध्ये इंटेल कंपनीने ‘एक्स२५-एम’ हा ८० जीबी क्षमतेचा सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, बाजारात आणला. एक हजार नगांच्या घाऊक खरेदीसाठी त्याची किंमत नगामागे ५९५ डॉलर ठेवण्यात आली होती. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे २७ हजार रुपये होते. आयात शुल्क, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा वेगळाच. तेवढ्या पैशांत भारतात घरगुती वापराचा एक बरा संगणक पडद्यासकट येत असे. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेत एक टीबीची, म्हणजे बारा पटींहून अधिक क्षमतेची, हार्ड डिस्क १०० डॉलरच्या आसपास मिळू लागली होती. तरीही जगभरच्या हौशी संगणकप्रेमींनी या छोट्या ड्राइव्हसाठी खिसा रिकामा करण्याची तयारी दाखवली, आणि त्याच वेळी त्यांच्यातल्याच अनेकांनी हा निव्वळ वेडेपणा असल्याचे आकड्यांनिशी मांडले.

आज साध्यातल्या साध्या लॅपटॉपमध्येही एसएसडी असतो, त्यामुळे हा वाद मिटल्यासारखा वाटतो. पण २००७ ते २०११ या काळात खरेदीदारापुढे असलेला प्रश्न अवघड होता आणि संशय घेणाऱ्यांची बाजू वाटते तितकी कच्ची नव्हती. जाहिरातीत छापलेला वेग एक, प्रत्यक्ष टेबलावर मिळणारा वेग दुसरा आणि सहा महिन्यांच्या वापरानंतर उरणारा वेग तिसराच, असा तो काळ होता.

फिरत्या तबकडीची मर्यादा

हार्ड डिस्क नेमकी कुठे अडते, हे लक्षात घेतल्याशिवाय या खर्चाचा अर्थ लागत नाही. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचन-लेखन करणारे शीर्ष सरकत असते. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क तयार केली, तेव्हापासून ही मूळ रचना बदललेली नाही. तबकडीवरची माहिती सलग वाचायची असेल तर ही व्यवस्था उत्तम चालते. २००८ मधील चांगली हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास माहिती सहज देत असे. चित्रपटाची मोठी फाइल उतरवून घेताना वापरकर्त्याला तक्रारीस जागा नव्हती.

अडचण येते ती माहिती विखुरलेली असते तेव्हा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक, थांबावे लागते. त्याआधी शीर्षाला योग्य वर्तुळावर जाण्यासाठी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एकूण साडेबारा मिलिसेकंद धरले तर अशी डिस्क सेकंदाला साधारण ८० वेळाच नवी जागा गाठू शकते. प्रत्येक वेळी चार केबीचा तुकडा वाचला, तर सेकंदाला जेमतेम ३२० केबी माहिती हाती येते. सलग वाचताना १०० एमबी देणारे यंत्र विखुरलेले वाचताना त्याच्या तीनशेव्या भागावर येते.

आणि संगणक सुरू होणे, एखादा मोठा प्रोग्रॅम उघडणे, विषाणूविरोधी प्रणालीने मागे तपासणी चालवणे, ही सगळी कामे विखुरलेल्या वाचन-लेखनाचीच असतात. प्रोसेसर दर दोन वर्षांनी वेगवान होत होते, स्मृती स्वस्त होत होती, मात्र शीर्षाच्या हालचालीला यांत्रिक मर्यादा होती. नवा कोरा, महागडा संगणकही सुरू झाल्यावर दोन मिनिटे डिस्कचा खरखराट ऐकवत बसे, त्याचे कारण हेच.

एसएसडीत फिरणारा कोणताही भाग नाही. माहिती चिपमध्ये असते आणि कोणत्याही जागी पोहोचण्यास जवळपास सारखाच वेळ लागतो. इंटेलने एक्स२५-एमसाठी वाचनाचा प्रतीक्षाकाळ ८५ मायक्रोसेकंद असल्याचे जाहीर केले होते. वरच्या साडेबारा मिलिसेकंदांशी तुलना केल्यास हा फरक सुमारे दीडशे पटींचा होतो. हौशी मंडळी पैसे मोजत होती ती मुख्यतः या फरकासाठी. सलग वाचनाचा सेकंदाला २५० एमबी हा खोक्यावरचा आकडा त्या मानाने दुय्यम होता, जरी जाहिरातीत तोच ठळक असे.

चैनीच्या वस्तूपासून सुरुवात

कल्पना जुनीच होती. तोशिबा कंपनीत काम करणारे जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीचे तंत्र जगापुढे मांडले आणि १९८७ मध्ये त्याचा ‘नँड’ हा प्रकार पुढे आला. एसएसडीमध्ये वापरली जाते ती हीच नँड स्मृती. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून मासुओका यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि त्यावरून हे नाव पडले. शोधाच्या मोबदल्यावरून मासुओका यांनी पुढे आपल्याच जुन्या कंपनीला न्यायालयात खेचले आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. ज्या शोधावर पुढे अब्जावधी डॉलरचा उद्योग उभा राहिला, त्याच्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

बाजारातली पहिली पावले अमेरिकेतील सनडिस्क कंपनीची. तिचेच नाव पुढे सॅनडिस्क झाले. १९८८ मध्ये ती स्थापन करणाऱ्या तिघांत कानपूर येथे जन्मलेले आणि काही काळ पिलानीच्या बिट्समध्ये शिकलेले संजय मेहरोत्रा होते. तेच पुढे मायक्रॉन या स्मृती-उत्पादक कंपनीचे प्रमुख झाले. सनडिस्कने १९९१ मध्ये आयबीएमसाठी २० एमबीचा फ्लॅश ड्राइव्ह पुरवला. त्याची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती, म्हणजे एका एमबीला ५० डॉलर. याच हिशेबाने एका जीबीची किंमत ५० हजार डॉलरच्या घरात जाते. अर्थात तेव्हा कोणाच्या घरी एक जीबी माहिती नव्हतीच.

त्यानंतर दीड दशक फ्लॅश ड्राइव्ह लष्करी, औद्योगिक आणि काही विशेष यंत्रणांपुरतेच राहिले. हौशी मंडळींनी वेगाची भूक भागवण्यासाठी दुसरे मार्ग शोधले. तैवानच्या गिगाबाइट कंपनीचे २००५ मधील ‘आय-रॅम’ हे कार्ड त्याचा मजेशीर नमुना आहे. त्यात संगणकाच्या साध्या स्मृतीच्या चार पट्ट्या बसत, एकूण चार जीबीपर्यंत, आणि संगणक त्यांना डिस्क समजून वागवी. वीज गेली की या स्मृतीतील माहिती पुसली जाते, म्हणून कार्डावर बॅटरी होती आणि ती सुमारे सोळा तास तग धरी. महाराष्ट्रातील त्या वर्षांचे भारनियमन आठवणाऱ्यांना हे यंत्र आपल्याकडे का रुजले नसते, हे वेगळे सांगायला नको.

सॅमसंगने २००६ मध्ये ३२ जीबी फ्लॅशवर चालणारे लॅपटॉप कोरियात विक्रीस आणले. २००७ मध्ये डेल कंपनीने आपल्या काही लॅटिट्यूड लॅपटॉपमध्ये सॅनडिस्कच्या ३२ जीबी ड्राइव्हचा पर्याय दिला. त्यासाठी ५४९ डॉलर जादा मोजावे लागत. जानेवारी २००८ मध्ये ॲपलचा पहिला मॅकबुक एअर आला. १,७९९ डॉलरच्या मूळ यंत्रात ८० जीबीची हार्ड डिस्क होती. तिच्याऐवजी ६४ जीबीचा एसएसडी हवा असल्यास आणखी ९९९ डॉलर द्यावे लागत. म्हणजे जागा १६ जीबीने कमी आणि खर्च त्या वेळच्या दराने सुमारे ४० हजार रुपयांनी जास्त. हा सौदा करणारा ग्राहक एकतर फार श्रीमंत होता किंवा पदोपदी विमानप्रवास करणारा. हलका, धक्के सोसणारा आणि आवाज न करणारा ड्राइव्ह त्याला उपयोगी होता. वेगाच्या हौशीसाठी मात्र हे गणित अजून जुळत नव्हते.

स्वस्ताईचा फटका

गणित जुळल्यासारखे दिसले ते २००८ च्या उन्हाळ्यात. अमेरिकेतील ओसीझेड या कंपनीने ‘कोअर’ नावाची मालिका काढली. तोवर हजाराच्या घरात असलेली किंमत तिने ६४ जीबीला २६० डॉलरच्या आसपास आणून ठेवली. वेगही सेकंदाला शंभराहून अधिक एमबी असल्याचा दावा होता. इतर कंपन्यांनीही जवळपास तसेच ड्राइव्ह आणले. कारण सगळ्यांच्या आत तैवानच्या जेमायक्रॉन कंपनीचा ‘जेएमएफ६०२’ हा एकच कंट्रोलर होता. कंट्रोलर म्हणजे कोणती माहिती कोणत्या चिपमध्ये ठेवायची हे ठरवणारा ड्राइव्हचा मेंदू.

ज्यांनी हे ड्राइव्ह घेतले त्यांचा अनुभव विचित्र होता. प्रोग्रॅम झटकन उघडत आणि मग अचानक सारा संगणक थिजून जाई. गप्पांच्या प्रणालीत एक वाक्य टाइप करावे, त्याची नोंद डिस्कवर लिहिली जात असताना माउसचा बाण जागच्या जागी अडावा आणि क्षणभराने सगळे पूर्ववत चालू व्हावे, असे दिवसभर होत राही. छोटे तुकडे लिहिण्यास या ड्राइव्हना कधी कधी जवळपास पूर्ण एक सेकंद लागत असल्याचे चाचण्यांत आढळले. शंभर डॉलरच्या हार्ड डिस्कवर असे कधी घडत नव्हते.

याचे मूळ फ्लॅश स्मृतीच्या स्वभावातच आहे. या स्मृतीत माहिती ‘पानां’मध्ये लिहिली जाते. त्या काळात एक पान साधारण चार केबीचे असे. मात्र पुसायची वेळ आली की एकटे पान पुसता येत नाही. अशा १२८ पानांचा, म्हणजे ५१२ केबीचा, पूर्ण ब्लॉकच पुसावा लागतो. शाळेतल्या पाटीचे उदाहरण घेता येईल. पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण एक ओळ बदलायची तर आधी सगळ्या ओळी दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, पाटी धुवायची आणि पुन्हा सगळे लिहायचे. कंट्रोलर हुशार असेल तर तो नवी ओळ दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहितो, जुनी रद्द झाल्याची नोंद ठेवतो आणि सवडीने पाट्या धुतो. त्यासाठी हिशेब ठेवायला त्याला पुरेशी स्मृती लागते. जेएमएफ६०२ मध्ये ती नगण्य होती आणि सोबत वेगळी स्मृती-चिपही जोडलेली नव्हती. त्यामुळे चार केबीच्या नोंदीसाठी अनेकदा संपूर्ण ब्लॉक हलवावा लागे.

येथे फ्लॅशच्या दोन जातींचा फरकही महत्त्वाचा ठरतो. एका कोशात एकच बिट साठवणारी एसएलसी स्मृती वेगवान, टिकाऊ आणि महाग. दोन बिट साठवणारी एमएलसी स्वस्त, पण लिहिण्यात संथ. ओसीझेडने किंमत उतरवली ती एमएलसी वापरून. त्यात गैर काही नव्हते, कारण इंटेलचा एक्स२५-एमही एमएलसीवरच चालत होता. फरक होता तो कंट्रोलरचा. इंटेलने दहा वाहिन्या एकाच वेळी चालवणारा स्वतःचा कंट्रोलर बनवला होता. सलग लेखनाचा त्याचा वेग सेकंदाला केवळ ७० एमबी होता, स्वस्त ड्राइव्हच्या खोक्यावरील आकड्याहूनही कमी. प्रत्यक्षात मात्र तो कधी अडखळत नसे. आकड्यांवर विसंबून खरेदी करणाऱ्यांना या एका उदाहरणाने बरेच शिकवले.

या घोटाळ्याची सविस्तर चिकित्सा ‘आनंदटेक’ या परीक्षण-प्रकाशनाचे संस्थापक आनंद लाल शिंपी यांनी मार्च २००९ मधील दीर्घ लेखात केली. ओसीझेडचा पुढचा ‘व्हर्टेक्स’ हा ड्राइव्ह त्या वेळी तयार होत होता. त्यात इंडिलिंक्स या कोरियन कंपनीचा कंट्रोलर आणि ६४ एमबीची मदतनीस स्मृती होती, पण सुरुवातीचे फर्मवेअर सलग वेगाचे मोठे आकडे दाखवण्यासाठी जुळवलेले होते. छोट्या तुकड्यांच्या लेखनात तो पुन्हा अडखळत असल्याचे शिंपी यांनी कंपनीला कळवले. बरीच कुरबुर झाल्यावर कंपनीने फर्मवेअर बदलले. खोक्यावरचा आकडा घटला आणि ड्राइव्ह वापरण्याजोगा झाला. स्वतंत्र परीक्षकाच्या आग्रहामुळे एखादी कंपनी आपल्याच जाहिरातीतील आकडा कमी करते, असे क्वचितच घडते.

सहा महिन्यांनंतरचा वेग

इंटेलचे ड्राइव्हही निर्दोष नव्हते. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘पीसी पर्स्पेक्टिव्ह’ या परीक्षण-प्रकाशनाने दाखवून दिले, की काही काळ वापरल्यानंतर एक्स२५-एमचा वेग घसरतो आणि नेहमीच्या मार्गाने तो परत येत नाही. इंटेलने त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवे फर्मवेअर देऊन ही घसरण बरीच आटोक्यात आणली.

मूळ दुखणे मात्र सगळ्याच एसएसडींचे होते. संगणकात फाइल डिलीट केली की कार्यप्रणाली फक्त आपल्या यादीतून तिचे नाव खोडते. डिस्कला काहीच कळवत नाही. हार्ड डिस्कला ते कळण्याची गरजही नसते, कारण ती जुन्या माहितीवर थेट नवी लिहू शकते. एसएसडीला मात्र नको असलेली पानेही जपून ठेवावी लागतात आणि प्रत्येक सफाईत ती इकडून तिकडे वाहून न्यावी लागतात. कोऱ्या पाट्या संपत जातात, तसा वेग घटतो.

उपाय होता ‘ट्रिम’ ही आज्ञा. अमुक पाने आता निकामी आहेत, असे कार्यप्रणालीने ड्राइव्हला स्वतःहून सांगायचे. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये ही सोय होती. फेब्रुवारी २०१० च्या लिनक्स आवृत्तीतही तिला आधार मिळाला. पण ड्राइव्हच्या बाजूने ती समजून घेणारे फर्मवेअर हवे होते. इंटेलने ते आपल्या दुसऱ्या पिढीसाठी दिले, काही वापरकर्त्यांचे संगणक सुरूच होईनात म्हणून तातडीने मागे घेतले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा आणले. ज्यांनी वर्षभरापूर्वी ५९५ डॉलरच्या पिढीत पैसे घातले होते, त्यांना ट्रिम कधीच मिळाले नाही. या ग्राहकांचा राग समजण्यासारखा होता. त्यांच्या पैशांवर तंत्रज्ञान पक्के झाले आणि पिकलेले फळ मात्र नंतर आलेल्यांच्या हाती पडले.

या काळातील हौशी माणसाची दिनचर्या आज ऐकताना गमतीची वाटते. ड्राइव्ह घेतल्यावर डीफ्रॅग बंद करायचे, शोधसूची बंद करायची, तात्पुरत्या फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायच्या. विंडोज एक्सपी असेल तर विभाजनाची सुरुवात जुळवून घ्यायची, कारण एक्सपी ती ६३ व्या सेक्टरपासून करत असे आणि त्यामुळे प्रत्येक तुकडा दोन पानांवर पसरे. सुरुवातीच्या व्हर्टेक्समध्ये फर्मवेअर बदलणे म्हणजे ड्राइव्हवरची सारी माहिती पुसली जाणे. महिन्या-दोन महिन्यांनी नवे फर्मवेअर आले, की संपूर्ण कार्यप्रणाली पुन्हा बसवण्याची तयारी ठेवायची. वेळेची बचत करण्यासाठी घेतलेल्या वस्तूवर किती रविवार खर्ची पडले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

जीबीचा भाव की प्रतीक्षेचा भाव

खर्चाचा वाद मुख्यतः दोन मोजमापांतला होता. संशयी मंडळी जीबीमागे भाव काढत. एक्स२५-एमचा भाव जीबीला सुमारे साडेसात डॉलर, तर मोठ्या हार्ड डिस्कचा दहा सेंट, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर पटींचा फरक. एसएलसीवर चालणारा इंटेलचाच एक्स२५-ई हा ३२ जीबीचा ड्राइव्ह ६९५ डॉलरला होता. त्याचा जीबीचा भाव वीस डॉलरच्याही वर जाई. समर्थकांचे म्हणणे असे, की घरात चित्रपट आणि छायाचित्रे ठेवण्यासाठी हा ड्राइव्ह नाहीच. कार्यप्रणाली आणि रोजचे प्रोग्रॅम ४०-५० जीबीत मावतात, तेवढेच त्यावर ठेवावेत आणि बाकी सारे शेजारच्या स्वस्त हार्ड डिस्कवर. असे केल्यास तुलना साठ्याची न राहता प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डाशी होते. ३०० डॉलर जादा देऊन थोडा वेगवान प्रोसेसर घेणारा माणूस त्याच पैशांत संगणकाचा सगळा अडखळेपणा का घालवत नाही, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

तरीही मधले पर्याय होते आणि ते विचारात घेण्याजोगे होते. वेस्टर्न डिजिटलने एप्रिल २००८ मध्ये ‘व्हेलोसिरॅप्टर’ ही मिनिटाला १०,००० फेरे घेणारी ३०० जीबीची हार्ड डिस्क ३०० डॉलरला आणली. एका फेऱ्यास सहा मिलिसेकंद आणि शीर्षाची हालचालही जलद, त्यामुळे तिचा एकूण प्रतीक्षाकाळ सात मिलिसेकंदांच्या आसपास येई. साध्या डिस्कच्या जवळपास दुप्पट चपळाई जीबीला एका डॉलरने मिळत होती आणि तीत अडखळणे किंवा कालांतराने मंदावणे नव्हते. २००८ साली जेमायक्रॉनच्या ड्राइव्हपेक्षा ही डिस्क घेणारा ग्राहक शहाणा ठरला, असे आज निःसंकोच म्हणता येते. दोन साध्या डिस्क रेड पद्धतीने जोडण्याचा पर्याय मात्र फसवा होता. त्यामुळे सलग वेग दुप्पट होई, पण शीर्ष जागेवर पोहोचण्याचा वेळ तसाच राही. स्मृती वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. त्याला अडसर ३२-बिट विंडोजचा, कारण चार जीबी स्मृतीही तिला पूर्ण वापरता येत नसे.

भारतीय खरेदीदारासाठी हा हिशेब आणखी कडक होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरुचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे मिळणाऱ्या सुट्या भागांचे दर डॉलरशी बांधलेले असतात. जानेवारी २००८ मध्ये ४० रुपयांच्या आत असलेला डॉलर मार्च २००९ मध्ये ५० च्या वर गेला. म्हणजे अमेरिकेत भाव उतरत असताना त्या घसरणीचा काही भाग येथे पोहोचतच नव्हता. शिवाय विजेचा लपंडाव. एसएसडीचा कंट्रोलर पाट्या हलवत असताना वीज गेली, तर कोणती पाटी कोठे आहे ही यादीच अर्धवट राहण्याचा धोका असतो. घरगुती ड्राइव्हमध्ये यावर फारसे संरक्षण नव्हते. इंटेलने २०११ मध्ये ‘३२०’ या मालिकेत त्यासाठी कपॅसिटर बसवले आणि नेमका त्याच मालिकेत वीज गेल्यावर ड्राइव्ह आपली क्षमता केवळ आठ एमबी असल्याचे सांगू लागण्याचा दोष निघाला. कंपनीने तो मान्य करून ऑगस्टमध्ये दुरुस्त फर्मवेअर दिले. यूपीएसशिवाय एसएसडी घेऊ नये, हा सल्ला येथे अनाठायी नव्हता.

आयुष्याची भीती

किमतीखालोखाल भीती होती ती ड्राइव्ह झिजण्याची. फ्लॅशचा कोश ठरावीक वेळाच पुसता येतो. एसएलसी सुमारे एक लाख वेळा, त्या काळची एमएलसी सुमारे दहा हजार वेळा. आकडा ऐकून अनेक जण बिचकत. पण ८० जीबीचा ड्राइव्ह दहा हजार वेळा भरला तर एकूण आठ लाख जीबी लिहून होतात. दिवसाला २० जीबी लिहिले तरी त्यास ४० हजार दिवस, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे लागतील. हे अर्थात आदर्श स्थितीतील गणित झाले. एक ओळ बदलण्यासाठी कंट्रोलर प्रत्यक्षात किती लिहितो, यावर सारे अवलंबून असते. इंटेलचा दावा होता की आपला ड्राइव्ह संगणकाने दिलेल्या माहितीच्या १.१ पटच लिहितो. हेच प्रमाण वीस पटींवर गेले, तर शंभर वर्षांचे आयुष्य साडेपाच वर्षांवर येते. कंपनीने स्वतः हमी दिली होती ती दिवसाला २० जीबी याप्रमाणे पाच वर्षांची.

प्रत्यक्षात त्या पिढीचे जे ड्राइव्ह चर्चेत आले ते झिजल्यामुळे नव्हे, तर फर्मवेअरच्या दोषांमुळे. सँडफोर्स कंपनीच्या २०११ मधील कंट्रोलरवर चालणाऱ्या अनेक ड्राइव्हनी संगणक मध्येच बंद पडण्याचा त्रास दिला आणि तो दूर व्हायला ऑक्टोबर उजाडला. याच कंपनीचे कंट्रोलर लिहिण्यापूर्वी माहिती आवळून लहान करत. सगळे शून्य लिहून वेग मोजणाऱ्या चाचणीत त्यामुळे थक्क करणारे आकडे येत. आधीच आवळलेली छायाचित्रे किंवा चित्रफिती लिहिताना मात्र ते एकदम खाली येत. चाचणी कोणत्या माहितीवर घेतली, हे विचारण्याची सवय खरेदीदारांना तेव्हा लागली.

भाव उतरले ते चिपवरची रचना बारीक होत गेल्याने. जुलै २००९ मध्ये इंटेलने ५० ऐवजी ३४ नॅनोमीटर तंत्रावर बनवलेला ८० जीबीचा ड्राइव्ह २२५ डॉलरला आणला, वर्षभरापूर्वीच्या किमतीपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक स्वस्त. जीबीचा भाव तीन डॉलरच्या आत आला. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधील पुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, डिस्कचे दर भडकले आणि दोहोंतील अंतर अनपेक्षितपणे घटले. २०१२ मध्ये अनेक एसएसडी जीबीला एका डॉलरच्या आसपास मिळू लागले. तोवर अडथळ्याची जागाही बदलली होती. हार्ड डिस्कसाठी आखलेली साटा जोडणीच आता एसएसडीला अपुरी पडू लागली आणि मार्च २०११ मध्ये एनव्हीएमई या नव्या जोडणीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली.

स्वस्त एसएसडीची वाट मोकळी करणाऱ्या ओसीझेडने २०११ मध्ये आपला स्मृतीपट्ट्यांचा जुना व्यवसाय सोडून सगळी भिस्त एसएसडीवर ठेवली होती. स्वतःची चिप न बनवणाऱ्या या कंपनीला उतरत्या भावांच्या स्पर्धेत टिकता आले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीची घोषणा केली आणि तिची मालमत्ता ३ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली ती तोशिबाने, जिच्या प्रयोगशाळेत मासुओका यांनी फ्लॅश स्मृतीचा शोध लावला होता.